चढाचं पुण्य कुणाच्या खात्यावर?

आमच्या सायकलवाल्यांच्या गटात तपश्चर्या फार स्वस्त झाली आहे. कुणी दिवे घाट पाय न टेकता चढला, तपश्चर्या. कुणी एकादशीच्या उपासात भुलेश्वर करून आला, घोर तपश्चर्या. फोनमधलं अ‍ॅप चढाचे मीटर मोजतं, त्याखाली हात जोडल्याची चिन्हं पडतात आणि पुण्य जमा झाल्यासारखं वाटतं. मी पन्नाशी ओलांडलेला, हडपसरच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम करणारा माणूस. मापात काय बसतं आणि काय नाही हे बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. म्हणून या पुण्यालाही एकदा गेज लावून बघावंसं वाटलं. हौसेनं ओढवून घेतलेल्या कष्टांना तप म्हणता येतं का?

आधी वाट सांगतो. सासवडहून सोनोरीकडे, पेशवाईत बांधलेल्या मल्हारगडाच्या पायथ्याशी, आणि पुढे पूर्वेला माळशिरसच्या भुलेश्वरापर्यंत डांबर टाळून जाता येतं. शिवरस्ते, पाणंदी, पाझर तलावाच्या बांधावरच्या गाडीवाटा. त्यासाठी ग्रॅव्हल बाईक बरी. हँडल रेसरसारखं खाली वळलेलं, टायर मात्र ४० मिलिमीटर रुंद, आत ट्यूब नाही, नुसतं सीलंट. सराटा घुसला की भोकातून पांढरा फेस येतो, चाक दोन फेरे फिरतं, भोक बुजतं आणि आपण पुढे. हवा कमी ठेवायची, नाहीतर खडीवर दात वाजतात. चढाला उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक मुरूम उडवत जागच्या जागी फिरतं. उताराला पुढचा ब्रेक करकचून दाबला की आपण आडवे. तेव्हा बसून, दम धरून चढायचं आणि हलक्या हातानं उतरायचं.

हा मुरूम म्हणजे कुजलेला काळा दगड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथल्या भेगांमधून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही तो जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. पुरंदरच्या डोंगरांना लांबून पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. घाटात कापलेल्या दरडीत मध्येच विटकरी पट्टा दिसतो. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तयार झालेली ती माती, वरून आलेल्या लाव्ह्यानं भाजून निघालेली. दरडीत गोल धोंडेही असतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. एक पापुद्रा चिमटीत चुरला की हातात मुरूम उरतो. भुलेश्वरचं यादवकालीन मंदिरही याच दगडाच्या घट्ट थरांतून घडवलं. दगडानं यात काही कमावलेलं नाही. नुसतं सोसणं हीच योग्यता असती, तर आपण सगळ्यात आधी त्या विटकरी पट्ट्याला शेंदूर लावला असता.

या वाटेवरच्या एका वाडीत मी पाणी भरायला थांबतो. घर रस्त्याला लागून, हंगामात ओट्यावर सीताफळांचे क्रेट रचलेले. तिथल्या मावशी सत्तरीच्या. पहिल्यांदा भेटलो तेव्हा सायकलकडे बघून म्हणाल्या, “काय वो दादा, यस्टी चुकली का?” मी म्हटलं, हौस म्हणून आलोय. त्यांनी माझ्या बाटलीत तांब्या रिकामा केला आणि म्हणाल्या, “हौस! आमच्या सुनंला आठवा म्हैना चालू हाय. ह्या रस्त्यानं जीपमधनं दवाखान्यात न्यायची म्हंजी जीव मुठीत. डांबर कवा पडायचं ते बघा की. तुमी शिकल्याली मानसं.”

आमच्या गटात मात्र एखाद्या पाणंदीवर डांबर पडलं की सुतक असतं. ‘गेला, हाही गेला’ असे निरोप फिरतात. धूळ तीच, खड्डे तेच. मावशी त्याला तप म्हणत नाहीत. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघणारा धनगरही म्हणत नाही. कष्टांना मोठं नाव द्यायची फुरसत मिळते ती ज्याला ते हवे तेव्हा सोडून घरी जाता येतं, त्यालाच.

गटात संस्कृत शिकवणारा एक मित्र आहे. त्यानं माझा मुद्दा तिथल्या तिथे उलटवला. “सोडून जायची मुभा आहे म्हणूनच तर ते तप. नाइलाजानं सोसलं तो भोग, आपल्या इच्छेनं सोसलं ते तप. उपास आणि उपासमार यांत दुसरा काय फरक आहे?” हे सहज झटकून टाकण्यासारखं नव्हतं. मग त्यानंच गीतेचा सतरावा अध्याय बघायला सांगितलं.

तिथे तपाची चक्क यादी आहे. शरीराचं तप कोणतं, तर देवाची, गुरूची, ज्ञानी माणसांची पूजा, स्वच्छता, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा. वाणीचं तप म्हणजे कुणाला न टोचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं, आणि स्वाध्याय. मनाचं तप म्हणजे प्रसन्नता, सौम्यपणा, मौन, संयम, भाव शुद्ध ठेवणं. यादी मी पावतीवरच्या मालासारखी एकेक करून तपासली. वेदना तिच्यात कुठेच नाही. शरीराच्या तपातसुद्धा मांडीला आलेला गोळा नाही, कोरडा पडलेला घसा नाही. उलट, हट्टाला पेटून स्वतःला पीडा देत केलेलं तप तामस ठरवलं आहे. मानासाठी, देखाव्यासाठी केलेलं तप राजस, आणि तेही न टिकणारं. हात जोडल्याच्या चिन्हांची व्यवस्था गीतेनं फार आधी लावून ठेवली आहे. बुद्धानंही देह झिजवणारी साधना करून बघितली आणि मग सोडून दिली. तेव्हा मित्राचं म्हणणं अर्धं खरं. तपाला इच्छा लागते, पण इच्छेनं केलेले सगळेच कष्ट तप होत नाहीत.

उरलेलं अर्धं मला आईकडे सापडलं. ती माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला जायची. दिवे घाट चढायची, पण पाय सुजले की दिंडीच्या ट्रकमध्ये बिनदिक्कत बसायची. त्यात तिला काही कमीपणा वाटत नसे. किती चाललीस असं विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. कुणाच्या टाचेला फोड आले, कुणाच्या पायांना तिनं तेल चोळलं, सासवडच्या मुक्कामी कुणाची तंबूत जागा हुकली, हे मात्र नावानिशी सांगायची. चालणं तिच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं. ते नामाच्या आणि सोबतीच्या ओघात होऊन जायचं.

जेजुरीला नवा नवरा बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढतो. घामाघूम होतो, भंडाऱ्यानं पिवळा होतो, सोबतचे हसतात. चढ आहे, वजन आहे, धाप आहे. पण त्या धापेचं कौतुक कुणी करत नाही, तो स्वतःही करत नाही. लक्ष सगळं जिला उचललंय तिच्याकडे, ती पडू नये याच्याकडे. मला वाटतं गेज इथे बसतं. कष्ट किती झाले याची नोंद ठेवणारा माणूस अजून स्वतःलाच उचलून चालला आहे.

मग या वाटांवर जाण्यात काहीच नाही का? आहे. मुरमावर गाडी चालवताना डोक्यातली बडबड थांबते, थांबावीच लागते. कुठे जमीन घट्ट, कुठे वरचा थर सैल, कुठे ओघळानं मध्येच चर पाडला आहे, हे वाचण्यात माणूस गुंततो. इतकं लक्ष एरवी मला देवघरातही देता येत नाही. पण लक्ष ही हत्याराला लावलेली धार आहे, तिनं काय कापायचं ते अजून ठरलेलं नसतं. समोरून मेंढरांचा कळप येतो. माझी नजर अ‍ॅपवर असली तर घंटी वाजवून कडेनं घुसावंसं वाटतं. गाभण मेंढ्या बुजतात, कुत्रं अंगावर येतं, धनगराला ओरडत धावावं लागतं. उतरून, सायकल बाभळीला टेकवून, कळप जाईपर्यंत उभं राहिलं की सरासरी वेग घसरतो. यादीतली अहिंसा माझ्या वाट्याला येते ती या घसरलेल्या सरासरीत. चढाला गाळलेला घाम त्या यादीत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मावशींच्या वाडीनं रस्त्याचा अर्ज केला तेव्हा सोबतचा तक्ता मी करून दिला. लांबी किती, रुंदी कुठे कमी भरते, ओढ्यावरचा कुठला तुकडा पावसाळ्यात बंद पडतो, असं सगळं मोजून. तेवढंच मला येतं. गटातल्या एकानं विचारलं, “आपला रस्ता आपल्याच हातानं घालवतोयस?” रस्ता आपला कधी झाला, हे त्याला सांगता आलं नाही. याला कुणी त्याग म्हणू लागलं तर तेही चालणार नाही. डांबर पडलं तर मी दुसरी पाणंद धरीन, पुरंदरातला मुरूम काही संपत नाही. त्या घरच्या सुनेला मात्र दवाखान्यात जायला दुसरी वाट नाही. पुढच्या बाळंतपणाला तिच्या जीपला धक्के कमी बसले, तर पुण्याचा हिशेब तिथून सुरू करू. त्याआधी चढलेले मीटर म्हणजे नुसते मीटर, अ‍ॅपमध्ये राहू द्यावेत.