आधी ‘किती पट’, मग टिंबं

चि. सायली,


सहावीची मुलं गुणोत्तराची गणितं सोडवतात, पण काय सोडवलं ते त्यांना सांगता येत नाही, असं तू लिहिलंस. मला वाटतं, दोन टिंबांचं ते चिन्ह आपण त्यांच्या हाती फार लवकर देतो.

त्याआधी आपला राष्ट्रध्वज घे. त्याची लांबी आणि उंची नेहमी 3:2. ध्वजसंहितेच्या तक्त्यातला सर्वांत मोठा ध्वज 6300 मि.मी. लांब, 4200 उंच. सर्वांत लहान 150 आणि 100. मुलांना आधी वजाबाकी करू दे. एकीकडे 2100, दुसरीकडे 50. काहीच जुळत नाही. मग भागाकार. दोन्हीकडे लांबी उंचीच्या दीडपट! इथे अख्खा तास गेला तरी जाऊ दे. ‘कितीने जास्त’ सोडून ‘किती पट’ असा विचार करायला लागणं हाच या धड्याचा गाभा, आणि मुलं तरीही बेरजेकडेच वळतात. अशा वेळी कागदाचा 150 बाय 100 चा आयत कापायला लाव, मग दोन्ही बाजूंत 100 मिळवून दुसरा. तो होतो 250 बाय 200, म्हणजे 5:4. दोन्ही शेजारी ठेवले, की आकार बिघडल्याचं मुलंच सांगतील.

लिहिताना आधी शब्द हवेत: ‘सिमेंट : वाळू’, आणि त्याखाली 1:4. क्रम उलटला तर चार पाट्या सिमेंटला एकच पाटी वाळू पडेल. याच मिश्रणात सिमेंट किती, असं विचार. हुशार मुलंही ‘पाव’ म्हणतात. सिमेंट वाळूच्या पाव आहे खरं, पण एकूण भाग पाच, म्हणून मिश्रणात ते पाचवा हिस्सा. हा फरक फळ्यावर पाच चौकोन काढूनच दाखव.

एककांकडेही लक्ष असू दे. 50 सें.मी. आणि 2 मीटर यांचं गुणोत्तर 25:1 नव्हे, 1:4. भास्कराचार्यांनी 1150 साली ‘लीलावती’त त्रैराशिक सांगताना पहिली आणि शेवटची राशी एकाच जातीची हवी, हे आधी सांगून ठेवलं आहे.

तिरकस गुणाकाराची मात्र घाई नको. 900 मि.मी. लांबीच्या ध्वजाची उंची 600 कशी, हे मुलं आपल्या शब्दांत सांगू लागली, की मग शिकव.

तुझी,
आत्या