लहानथोरांनीं मिळून काय वाचावें?

मुलांसमवेत वाचावयाचें पुस्तक निवडणें हें वरवर पाहतां लहानसें काम आहे. परंतु त्याच्या पोटीं नीतीचा एक मोठा प्रश्न आहे. ज्या सत्यानें मुलाचें मन दुखावेल, तें त्याच्यापासून लपवून ठेवावें काय?

एका गांवीं सायंकाळीं एका कुटुंबांत बसून आम्हीं रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची 'केवढें हें क्रौर्य' ही कविता वाचली. घायाळ पक्षीण धडपडत आपल्या पिलांपाशीं येते व प्राण सोडते, असा तिचा विषय आहे. ऐकतां ऐकतां घरांतील आठ वर्षांची मुलगी रडूं लागली. आजीबाई रागावून म्हणाल्या, "पाळकसाहेब, लेकराला रडवायला आलात व्हय?" आम्ही ओशाळलों. इतक्यांत मुलीनें विचारलें, "आजी, त्या पिलांचं पुढं काय झालं गं?" आजीबाई कांहीं वेळ गप्प बसल्या, मग आपण पांच वर्षांच्या असतां आपली आई कशी गेली व चुलतीनें आपणांस कसें वाढविलें, हें त्या सांगूं लागल्या. त्यांच्या मुलानेंही तें पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें.

आजीबाईंची हरकत अगदींच खोटी होती असें नाहीं. मुलाला दुःखाशीं एकटें सोडून देणें हें क्रौर्यच होय. परंतु दुःख लपविल्यानें तें टळत नाहीं. घरांत मरण येतें, तेव्हां मुलाचे डोळे कोणास झांकतां येतात? मग त्याची पहिली ओळख आपल्या माणसांच्या जवळ बसून, पुस्तकाच्या पानावर व्हावी, हेंच बरें नव्हे काय?

मोरेव्हियांतील शिक्षणशास्त्रज्ञ व बिशप योहान आमोस कोमेनियस (१५९२–१६७०) यांनीं १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें मुलांकरितां एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. प्लेगनें त्यांची पत्नी व दोन मुलें तरुणपणींच हिरावून घेतलीं होतीं. तरी त्यांनीं पक्षी, फुलें व भाकरी भाजणें यांच्या चित्रांबरोबर दफनाचें चित्रही त्यांत घातलें. जग जसें आहे तसें मुलाला दाखवावें, पण हात धरून दाखवावें, असा बोध आम्ही त्यापासून घेतों.

ह्याचा अर्थ रडविणारींच पुस्तकें आणावीं असा नव्हे. ज्यांत हसूं नाहीं, गंमत नाहीं, केवळ उपदेश आहे, तें पुस्तक मूल झांकून ठेवील आणि वडीलही.

म्हणून पुस्तक घेतांना वाचकांनीं स्वतःस विचारावें: हें दहाव्यांदा वाचावयास आपणांस कंटाळा येईल काय? अक्षरओळख नसलेल्या आजीसही बोट ठेवून कांहीं सांगतां येईल, असें ह्याच्या चित्रांत आहे काय? आणि मुलानें मध्येंच प्रश्न केला, तर पुस्तक खालीं ठेवून खरें उत्तर द्यावयास आपण तयार आहों काय? ह्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असेल, तर दोष पुस्तकाचा नव्हे.