पाप कुणाच्या खाती?

धसईला एका परिचिताच्या घरी बसलो असता माजघराच्या भिंतीवर टांगलेली एक जुनी बंदूक आमच्या नजरेस पडली. नळी गंजलेली, दस्ता वाळवीने पोखरलेला, घोड्याच्या जागी जामगी धरणारा चिमटा. घरचे आजोबा म्हणाले, ‘‘फादर, हिनं किती जीव घेतले कुणास ठाऊक! ते पाप कुणाच्या खाती?’’ ‘‘ज्यानं ती डागली त्याच्या,’’ असे आम्ही चटकन सांगून टाकले. परतीच्या वाटेवर मात्र ते उत्तर आम्हांला फारच स्वस्त वाटू लागले.

अशी बंदूक एका हाताने चालतच नाही. नळीत दारू व गोळी गजाने ठासायची, कानाशी रंजक घालायची, मग धुमसती जामगी तिच्यावर टेकवायची. पण त्याआधी कितीतरी हात लागलेले असतात. पुढे स्थिरावलेल्या प्रमाणानुसार दारूच्या 100 भागांत 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. सोरा खारवट मातीतून निघे, कोळसा रानातून. मुरबाड-शहापूरच्या डोंगरांत कोळशाच्या भट्ट्या लावणारे कातकरी आमच्या परिचयाचे आहेत. आपला कोळसा भाकरी भाजणार की माणूस मारणार, हे भट्टीवाल्याने कोणाला विचारावे?

1510 साली आफोन्सो द आल्बुकेर्कने विजापूरकरांकडून गोवे घेतले. तेथील बंदुका घडविणारे कारागीर त्याने आपल्या कामाला लावले आणि 1513 मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळविले, की हे लोक बोहेमियातील कारागिरांच्या तोडीच्या बंदुका घडवितात. धनी बदलला, ऐरण तीच राहिली. ज्यांच्यासाठी काल नळ्या घडविल्या, त्यांच्यावरच आता त्या रोखल्या जाणार होत्या.

सेमिनरीत आम्ही संत आल्फोन्स लिगोरींचा भेद शिकलो होतो : दुसऱ्याच्या पापात हेतुपूर्वक सामील होणे निराळे, हेतू नसताना केवळ साधन पुरविणे निराळे. भट्टीवाल्याला हा भेद तारतो. ऐरणीवरच्या कारागिराला? गोव्याच्या शस्त्रागारात रानडुकरांसाठी बंदुका ठेवीत नव्हते. तरी नकार दिल्यावर त्याची चूल कशी पेटली असती, हे विचारल्यावाचून त्याला दोषी ठरविणे आम्हांला जमत नाही. आणि निवाडा करणारे तरी किती निर्मळ? 1139 च्या लॅटरन धर्मसभेने धनुर्धाऱ्यांच्या प्राणघातक विद्येला बंदी घातली खरी, पण ती ख्रिस्ती माणसांवर वापरण्यापुरतीच!

पुढच्या खेपेस आम्ही आपले उत्तर मागे घेतल्याचे आजोबांना सांगितले. ते बराच वेळ बंदुकीकडे पाहत राहिले.

‘‘मग थोडं माझ्याकडंही येतं,’’ ते म्हणाले. ‘‘बाप हिची दारू घरीच कुटायचा. कोळसा मी आणून द्यायचो.’’