दातांमधली जागा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये बँडसॉवर नवा पोरगा लागला. आयटीआय झालेला, कामाची हौस असलेला. पहिलंच काम चौकोनी पाइपचं, 3 मिलिमीटर भिंतीचं. मशीनवर इंचाला 10-14 दातांचं ब्लेड होतं. काप इतके साफ आले की मालकांनी स्वतः बोट फिरवून बघितलं.

मग ईएन-8 पोलादाचा 100 मिलिमीटरचा भरीव बार आला. पोराने तेच ब्लेड ठेवलं. बारीक दात म्हणजे सफाई, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. थोडं आत गेल्यावर ब्लेड नुसतं घासू लागलं, धूर निघाला, काप तिरका गेला. त्याने फीड वाढवला, तसे दातच झडले.

शॉपमधले मिस्त्रीमामा ओरडले नाहीत. त्यांनी ब्लेड उतरवून उजेडात धरलं. दातांमधल्या खाचा किसाने गच्च भरल्या होत्या.

"प्रत्येक दातापुढं एक टोपली हाय असं समज. काढलेला कीस बारच्या बाहेर पडेपर्यंत त्यातच न्यायचा असतोय. तुझी टोपली अर्ध्या वाटेतच भरली. पुढचा कीस ठेवायचा कुठं?"

त्यांनी इंचाला 3-4 दातांचं ब्लेड चढवलं. 100 मिलिमीटर म्हणजे साधारण चार इंच. जुन्या ब्लेडचे 40 ते 55 दात एकाच वेळी बारमध्ये अडकत होते, याचे 12 ते 16. ब्लेड कोरं, म्हणून सुरुवातीचे काप निम्म्या फीडवर घेतले. ही सबुरी बरेच जण दाखवत नाहीत आणि महागडं ब्लेड पहिल्याच दिवशी बाद करतात. मामांचं लक्ष किसाकडे होतं. भुकटी पडली तर दात नुसता घासतोय, निळा पडला तर तापतोय. खाली चकचकीत, कुरळा कीस पडू लागला तेव्हाच ते बाजूला झाले.

पोराला वाटलं, म्हणजे मोठे दातच खरे. पुन्हा पाइप आले तेव्हा त्याने ब्लेड बदललंच नाही. वरची भिंत कापली गेली. बाजूच्या भिंतींवर ब्लेड आलं आणि टकटक सुरू झाली. दोन दातांमधलं अंतर साधारण सव्वासहा ते साडेआठ मिलिमीटर आणि भिंत 3 मिलिमीटरची. ती सरळ खाचेत शिरली, दात मोडले.

"एक दात भिंतीतनं सुटायच्या आत मागचा पोचाय पाहिजे," मामा म्हणाले.

"मग मामा, यातलं चांगलं ब्लेड कुठलं?"

"आधी जॉब दाखव."

तुमच्याकडे बँडसॉ असेल तर ब्लेड मागवताना मशीनच्या मापाबरोबर एवढंही सांगा: धातू कोणता, जाडी किती, भरीव की पोकळ. आणि दुकानदार हे न विचारताच ब्लेड काढून देऊ लागला, तर दुसरं दुकान बघा.