वेलीची झोप

तासगाव तालुक्यातला सुहास नर्सिंग शिकायला जर्मनीत श्टुटगार्टला गेला, तेव्हा गावातल्या मित्राशी, संतोषशी, एक ठरलं होतं: रविवारचा फोन चुकवायचा नाही. सुहासचे दुपारचे चार म्हणजे संतोषचे संध्याकाळचे साडेसात. संतोष द्राक्षबागेतून घरी आलेला असे. दोघं तासभर बोलत.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला आणि जर्मनीतली घड्याळं एक तास मागे गेली. तिथल्या चारला आता इथे साडेआठ वाजू लागले. फरक एका तासाचाच. पण ऑक्टोबर छाटणी झालेली, शेतीला रात्रीची लाइट. मोटर चालू करायला मध्यरात्री उठायचं म्हणून संतोष आठलाच आडवा होई. फोन वाजून वाजून थांबू लागला. यात दोष कुणाचाच नव्हता. पुष्कळ मैत्र्या अशाच विरतात, भांडण न होता, आणि म्हणूनच वेळेवर कुणाच्या लक्षात येत नाहीत.

मग सुहास फोटो पाठवू लागला. नाताळचा बाजार, पहिला बर्फ, चकचकीत ट्राम. बोलताना शब्द अडला की तो काम शिकतो त्या वृद्धाश्रमातले आजीआजोबा वैतागतात, खोलीवर आल्यावर बोलायला कुणी नसतं, हे एकाही फोटोत नव्हतं. संतोष अंगठा पाठवून गप्प बसे. त्यानं तरी काय दाखवायचं? डावणी रोगानं गेलेले घड? औषधाच्या दुकानातली उधारी?

श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. शहरांचं नातं सांभाळायला कचेऱ्या असतात. या दोघांचं नातं दोघांनीच सांभाळायचं होतं.

डिसेंबरात एका रात्री साडेनऊला सुहासनं फोटोऐवजी प्रश्न पाठवला. "इथं नेकार नदीच्या उतारावर, शहरातच, द्राक्षबागा आहेत. पानं सगळी गळालीत. आज एक म्हातारा थंडीत छाटणी करत होता. वर्षातून एकदाच करतात म्हणाला. मग आपण दोनदा का करतो रे?"

मिनिटभरात फोन वाजला. तासगावात रात्रीचे दोन वाजले होते.

"जागा कसा तू?"

"मोटर चालू करायला आलोय. ऐक, तिकडं थंडीत येल झोपती. आपल्याकडं तिला झोपच न्हाई. म्हणून एप्रिलात खरड छाटणी करायची, नव्या काड्या धरायच्या. घड येणार का न्हाई, ते त्या काडीतच ठरतंय. तिथं चुकलं की ऑक्टोबरात कितीबी औषध मार, उपयोग न्हाई."

संतोष बोलतच राहिला. काडी किती डोळ्यांवर कापायची, पाणी कधी तोडायचं. शेतकऱ्याला लोक भाव विचारतात, पाऊस विचारतात. त्याला काय कळतं ते विचारणारा क्वचित भेटतो. बऱ्याच वेळानं तो थांबला आणि म्हणाला, "आता तुझं सांग. बर्फाचं नको. जेवतोस का नीट?"

सुहासनं मग सगळं सांगितलं. पाव खाऊन काढलेल्या रात्रीसुद्धा.

तेव्हापासून रात्रीच्या लाइटचा आठवडा आला की साडेनऊच्या सुमारास फोन ठरलेला. सुहास सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बागांच्या वाटेनं जाई आणि म्हाताऱ्यानं सांगितलेलं संतोषला कळवी. संतोष त्यातलं काही मानी, काही साफ उडवून लावी.

जानेवारीत, मण्यांत पाणी उतरल्यावर, दोन दिवस अवकाळी पाऊस लागला. रात्री फोन आला तेव्हा संतोषचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मणी तडकलं, सुहास. आबांना अजून सांगितलं न्हाई. तुलाच पहिल्यांदा सांगतोय."

"कुठल्या प्लॉटमधले? माणिक चमनचे का सोनाकाचे?" सुहासनं विचारलं आणि कामाचे बूट न काढताच तो जिन्यात बसला.