फरशी पुसायला दहावी कशाला?

दोस्तहो, सरळ प्रश्न विचारतो. फरशी पुसायला दहावीचं सर्टिफिकेट कशाला लागतं? फाइल या टेबलावरून त्या टेबलावर न्यायला, साहेबाची खोली उघडायला, कुंडीला पाणी घालायला मॅट्रिकचा गणिताचा पेपर कुठं कामाला येतो?

हे मी गंमत म्हणून विचारत नाही. सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून २००८ साली केंद्र सरकारातला 'ड' वर्ग मोडीत निघाला. शिपाई, फरास, सफाईवाला, चौकीदार या सगळ्यांची मिळून एकच जागा झाली. नाव दिलं मल्टी टास्किंग स्टाफ. कामाची यादी वाचा : झाडलोट, धूळ पुसणं, फायली नेणं-आणणं, खोल्या उघडणं-बंद करणं, बागेची निगा. तीच कामं. फक्त अट वर चढली. दहावी पास, नायतर आयटीआय. कालपर्यंत मॅट्रिक न झालेला माणूस यातली कितीतरी कामं करून पेन्शनीत निघत होता. आज त्याच्या पोराला त्याच झाडूसाठी आधी बोर्डाची परीक्षा पास व्हावी लागते.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, "यात वाईट काय? बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलंय. अट असली म्हणजे पोरं शिकतील." खरा पेच हाच आहे. 'शिका' म्हणणाऱ्या बापाची आपण लेकरं. शिक्षणाच्या अटीविरुद्ध बोलायचं तर जीभ अडखळते. म्हणूनच हा प्रश्न एकदा मुळापासून सोडवून घेतला पाहिजे. नायतर आपल्याच घोषणेनं आपल्याच माणसाचा गळा आवळला जाईल, आणि आपण टाळ्या वाजवत बसू.

पहिली गोष्ट. कामाच्या दारावर अडवणूक आपल्याला नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकामाच्या खात्यात पगार जास्त होता. पण धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे. त्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं तर बाकीचे बाटणार! म्हणून आपल्या माणसाला त्या खात्यात मज्जाव. तो राबणार कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही गोष्ट चव्हाट्यावर मांडली. तेव्हा दारावर सर्टिफिकेट मागत नव्हते. जात पुरेशी होती.

आज सरकारी नोकरीच्या दारावर जातीवरून हाकलता येत नाही. घटनेचं सोळावं कलम आहे, सतरावं आहे. मग दारावर काय राहिलं? कागद. पण कागद मागणारा प्रत्येक जण पोटात जात धरून बसलाय, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि आळशीपणाचं आहे. कुणाच्या मनात काही नसतानाही दार बंद होऊ शकतं, हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं.

ते समजायला अमेरिकेतल्या काळ्या कामगारांचा एक खटला वाचावा. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. नाव आपण घेतलं, तसा हा खटलाही आपला समजावा. नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीचं एक वीजकेंद्र होतं. कामगार ९५, त्यातले काळे १४. काळ्या माणसाला एकाच खात्यात काम मिळे, मजुरी खात्यात. त्या खात्यातली सगळ्यात वरची जागा ही बाकीच्या खात्यांतल्या सगळ्यात खालच्या जागेपेक्षा कमी पगाराची. १९५५ पासून कंपनीनं मजुरी खातं सोडून बाकी खात्यांना हायस्कूल पासची अट लावली. १९६५ साली नागरी हक्क कायद्यातलं नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचं कलम लागू झालं. ज्या दिवशी लागू झालं त्याच दिवशी, २ जुलैला, कंपनीनं नव्या भरतीसाठी दोन बुद्धिचाचण्याही आणल्या. आता कुणी म्हणू शकत नव्हतं की तू काळा म्हणून नको. नुसतं म्हणायचं, डिप्लोमा दाखव.

आणि डिप्लोमा कुणाकडं होता? १९६० च्या जनगणनेप्रमाणं त्या राज्यातल्या गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्के हायस्कूल पास, काळ्या पुरुषांपैकी १२ टक्के. शाळा वेगळ्या, मोडक्या ठेवल्या कुणी? त्याच समाजानं. मग त्याच शाळेचा कागद दारावर मागायचा. पण खटल्यातला खरा मुद्दा पुढं आहे. ज्या गोऱ्यांकडं डिप्लोमा नव्हता आणि जे अटीच्या आधीच चांगल्या खात्यांत लागले होते, ते काम नीट करत होते. बढत्याही घेत होते. म्हणजे त्या कामाला डिप्लोमा लागतच नव्हता! १९७१ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं निकाल दिला. अट वरून कितीही निःपक्षपाती दिसो, कंपनीचा हेतू काहीही असो. जी अट एका समाजाला बाहेर ठेवते आणि जिचा कामाशी संबंध दाखवता येत नाही, ती चालणार नाही.

आता हा मुद्दा आपल्या ऑफिसात आणून बघा. कायम नोकरीतल्या शिपायाला दहावी लागते. त्याच मजल्यावर, तीच फरशी, तसल्याच पोचाऱ्यानं पुसणारी कंत्राटदाराची बाई बघा. तिला कुणी सर्टिफिकेट विचारलं? तिचं आडनावसुद्धा कुणाला माहीत नसतं. ती वर्षानुवर्षं काम नीट करतेय. मग अट कामाला लागू आहे का पगाराला? माझं म्हणणं, ती पगाराला आहे. काम करायला कागद लागत नाही. त्या कामाचा पुरा पगार, रजा, पेन्शन मागायला कागद लागतो. गटाराच्या मॅनहोलात उतरताना तर कागद कुणीच मागत नाही. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला, तरी माणसं आत गुदमरून मरतात. मरायला पात्रतेची अट नाही.

अटी का वाढतात? काम बदललं म्हणून नाही, रांग वाढली म्हणून. २०१५ साली उत्तर प्रदेशात शिपायाच्या ३६८ जागा निघाल्या. अट पाचवी पास आणि सायकल चालवता येणं. अर्ज आले २३ लाख. त्यात पीएचडी झालेले अडीचशेवर. असा ढीग पुढ्यात पडला की साहेबाला चाळण हवी असते. सगळ्यात स्वस्त चाळण म्हणजे पदवी. पदवीवाला बारावीवाल्याला खाली ढकलतो, बारावीवाला दहावीवाल्याला, दहावीवाला नापासाला. सगळ्यात खालच्या पायरीवर कोण उभं आहे, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?

या ढकलाढकलीत पदवीवाल्याचंही भलं नाही. एका बँकेनं शिपायाच्या जागेला बारावी पास चालेल, पदवीधर नको, अशी अट घातली होती. एका पोरानं पदवी लपवून नोकरी मिळवली. ते उघडकीला आलं, नोकरी गेली, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टानं बँकेचं बरोबर ठरवलं. आईबापानं मजुरी करून मिळवून दिलेली पदवी पोरानं चोरीच्या मालासारखी लपवायची. ही वेळ त्याच्यावर आणली कुणी?

मुंबईतलंच बघा. २०२४ साली महापालिकेनं कार्यकारी सहायकाच्या, म्हणजे पूर्वीच्या कारकुनाच्या, १,८४६ जागा काढल्या. पदवी तर हवीच. वर आणखी अट : दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात पास झालेलं पाहिजे. ओरड झाल्यावर ती काढली. पण ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं उमेदवार कोण होता? ज्याच्या घरात अभ्यासाला स्वतंत्र टेबल आहे, तो. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याच्या वस्तीत लाइट गेली, ज्याच्या बापाचा हात मशीनमध्ये गेला, ज्या पोरीला भावंडं सांभाळून शाळा करावी लागली, ती पोरं गणितात उडतात. पुन्हा बसतात. पास होतात. माझ्या मते पडून पुन्हा उठलेल्याला दोन मार्क जास्तच द्यायला पाहिजेत. तिथं त्याला जन्माचा नापास ठरवत होते.

आता उलट बाजू, आणि ती कच्ची नाही. आपले जुने कार्यकर्ते म्हणतात, "बाबा रे, कागद काढून टाकलास तर साहेब काय करंल? तोंड बघंल, आडनाव विचारंल, वशिला लावंल. कागद आंधळा असतो, त्याचाच आपल्याला आधार." हे खरं आहे. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित नावाला बोलावणं कमी आलं. म्हणजे कागद सारखा असतानाही हे हाल. कागद गेला तर काय?

पण याच अभ्यासातून दुसरीही गोष्ट निघते. कागदानं जात पुसली जात नाही. बाबासाहेब कोलंबियातून शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीला गेले, तेव्हा त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत होते. म्हणून माझं म्हणणं कागद फाडा असं नाही. परीक्षा घ्या, पण त्या कामाची घ्या. टायपिंगच्या जागेला टाइप करून दाखवू द्या. ड्रायव्हरला गाडी चालवू द्या. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाका. आंधळेपणा हवाच, पण तो पदवीशिवायही ठेवता येतो. डॉक्टरला, इंजिनिअरला पदवी लागते. तिथं कुणी भांडत नाही. भांडण आहे ते जिथं पदवीचा कामाशी संबंध नाही तिथलं.

आणि 'शिका' याचा अर्थ? जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. वरच्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च आणि खालच्यांची प्राथमिक शाळा उपाशी, यावर त्यांनी बोट ठेवलं. शिक्षण त्यांना हवं होतं ते माणसाला फसवणूक कळावी म्हणून. बाबासाहेबांचं 'शिका'सुद्धा संघटनेशी आणि लढ्याशी जोडलेलं आहे, शिपाईगिरीच्या अर्जाशी नाही. शिकणं हा हक्क आहे. दारावर तोच हक्क शुल्कासारखा वसूल केला, की ज्याला तो कधी मिळाला नाही त्यालाच दंड बसतो.

शेवटी आपल्याच लोकांशी दोन शब्द. आपल्यातला जो शिकून साहेब झाला, तो कधी कधी म्हणतो, "मी दिव्याखाली शिकलो, तू का नाही शिकलास?" दादा, हे वाक्य तुमचं नाही. तुमच्या विरुद्ध ते आयुष्यभर वापरलं गेलं. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून ज्यांनी तुम्हाला अडवलं, त्यांचीच पट्टी तुम्ही झाडूवालीच्या पोराला लावताय. तुमचं शिकणं मोठंच आहे. ते तिचं दार लावायला वापरू नका.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, वस्तीत अभ्यासिका चालवा, पोरांना दहावी-बारावी करून घ्या. ते थांबवायचं नाही. पण भरतीची जाहिरात हातात आली की अर्ज भरायच्या आधी तीन प्रश्न लिहून काढा. ही अट कोणत्या कामासाठी? तेच काम आज अटीशिवाय कोण करतंय, आणि किती पगारात? ही अट ठरवली कशाच्या आधारावर? तिसरा प्रश्न माहितीच्या अधिकारात टाका, दहा रुपये लागतात. उत्तर आलं तर वस्तीत वाचून दाखवा. नाही आलं तर अपिलात जा, आणि सोबत त्या कंत्राटावरच्या बाईला घेऊन जा. तिच्या कामाचा दाखला तिच्या हातावर आहे.

जयभीम.