नामरूपाची ठेव

घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाने स्वतःच्या अपघाताची तजवीज खिशात बाळगून निघावे काय, हा प्रश्न वरवर पाहता वाहतुकीच्या शिस्तीचा वाटला, तरी इचलकरंजीशेजारच्या कबनूरसारख्या गावात तो कोणापुढे काढून पाहिला म्हणजे माणसाच्या धर्मबुद्धीत तो किती खोल जाऊन भिडतो हे ध्यानात येते. सायकलीवरून रातपाळीला निघालेल्या यंत्रमाग कामगाराला कोणी सुचवावे की, नाव, गाव, घरच्यांचा फोन आणि एखादे औषध चालू असल्यास त्याचे नाव एवढे लिहिलेली एक चिठ्ठी वरच्या खिशात ठेवत जा. आणि दारात उभ्या असलेल्या त्याच्या आईने तत्काळ म्हणावे, ‘तिन्हीसांजचं असलं वंगाळ बोलू नगासा.’ या उद्गाराला अंधश्रद्धा म्हणून झिडकारणे मला योग्य वाटत नाही. निघणाऱ्याच्या मागे शुभ शब्दच उभा राहावा, संकटाचे नाव घेऊन त्याला वाट दाखवू नये, ही भावना हजारो वर्षांच्या प्रवासाच्या भयातून आणि मायेतून निर्माण झालेली आहे. तिचा आदर राखूनही तिला काही विचारता येते, आणि ते विचारणे मला कर्तव्य वाटते.

प्रथम त्या रस्त्याविषयी. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि त्या एका मागाचा खडखडाट वाढत वाढत शहराची वेस ओलांडून शेजारच्या गावांत शिरला. आज कबनूरची हद्द कोठे संपते आणि इचलकरंजीची कोठे सुरू होते, हे दप्तरात पाहिल्याशिवाय परक्याला सांगता येणार नाही. इचलकरंजीहून कोल्हापूरकडे निघालेला रस्ता गावातून जातो, आणि त्या रस्त्यावर पाळी बदलण्याच्या वेळेस हँडलला डब्याची पिशवी अडकवलेल्या सायकली अजूनही दिसतात. पाळीभर मागापाशी उभे राहिलेल्या माणसाच्या कानांत खडखडाट घुमत असतो आणि पाठीमागून येणाऱ्या वाहनाचा आवाज त्याला उशिरा कळतो. त्यात उसाचा हंगाम आला, की एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेले उसाचे वाढे, आणि पुष्कळदा मागे तांबडी चकाकणारी पट्टी नाही, दिवाही नाही. जुन्या काळी नगरपालिका सायकलीवर कर बसवीत आणि तो भरल्याची खूण म्हणून बिल्ला देत. रात्री दिव्यावाचून सायकल हाकली तर पोलीस अडवून दंड करीत. म्हणजे त्या काळीही वाहनाची नोंद होती. ते चालविणाऱ्याची मात्र, तो शुद्धीवर असून स्वतः बोलेल या भरवशावर, कोठेच नव्हती. तो बोलू शकला नाही तर काय, हा प्रश्न तेव्हा कोणी केला नाही आणि आजही फारसा कोणी करीत नाही.

या मुलखात दिगंबर जैन समाज मोठा आहे, आणि रस्त्यावरील वर्तनाविषयी मला माहीत असलेला सर्वांत सूक्ष्म विचार त्याच परंपरेत सापडतो. मुनीने चालताना पुढील चार हात भूमी पाहून, दिवसाउजेडी, कोणताही जीव पायाखाली येणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, या नियमाला ईर्यासमिती म्हणतात. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना द्वेषाला अग्रस्थान दिले नाही. प्रमादाच्या योगाने प्राणांचा घात होणे, तीच हिंसा, असे त्यांनी ठरविले. ‘मला मारायचे नव्हते’ या सबबीला तेथे जागा उरत नाही. अपघाताच्या फिर्यादीत हवालदार जेव्हा ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व अविचाराने, भरधाव वेगात’ असे ठरलेले शब्द लिहितो, तेव्हा ठाण्याच्या त्या रुक्ष भाषेतून तो नकळत तोच सिद्धान्त नोंदवीत असतो. आणि हा सिद्धान्त ट्रॉलीवाल्याला जसा लागू, तसाच दिव्यावाचून काळोखात शिरणाऱ्या सायकलस्वारालाही लागू. स्वतःचा प्राण हाही प्राणच आहे, आणि त्याविषयीच्या प्रमादाला अहिंसेच्या हिशेबात सूट मिळालेली मी कोठे वाचलेली नाही.

परंतु चिठ्ठीच्या विरुद्ध खरा गंभीर आक्षेप अभद्राच्या भीतीतून येत नाही. तो वेदान्तातून येतो. नाव आणि रूप ही उपाधी आहे, ती गळून पडावी यासाठीच साधकाचा सारा खटाटोप. मग त्याच नावाला कागदावर उतरवून, वर प्लास्टिकचे आवरण घालून छातीशी जपायचे, ही देहबुद्धीची परिसीमा नव्हे काय? मुंडकोपनिषदात नद्या समुद्रात मिळताना आपले नामरूप टाकून देतात असा दृष्टान्त आहे, आणि तो कबनूरच्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती या प्रयाग चिखलीला एकत्र येऊन आपापली नावे सोडतात आणि पंचगंगा होतात. ती पंचगंगा इचलकरंजीवरून वाहत जाऊन नृसिंहवाडीला कृष्णेत शिरते आणि तेथे तिचेही नाव संपते. बौद्ध परंपरेत तर मिलिंद राजाने नाव विचारले असता नागसेन स्थविरांनी सांगितले की हे नाव केवळ व्यवहारापुरते आहे, त्यामागे कोणी पुरुष सापडत नाही. आणि त्याच्या समर्थनार्थ त्यांनी राजाच्याच रथाचे चाक, आस, जू एकेक करून वेगळे काढले व यांतला रथ कोणता, असे विचारले.

हा आक्षेप मी पूर्णतः मान्य करतो, आणि तो मान्य केल्यानंतरच माझे म्हणणे सुरू होते. नाव माझे नाही, हे खरे. मला ते माझ्या बोलण्याआधीच दिले गेले. बारशाला आत्याने माझ्या कानात सांगितले, तेव्हा मला ते समजतही नव्हते. त्या नावाने मी स्वतःला क्वचितच हाक मारतो. हाक मारतात ती इतर माणसे. तेव्हा जे माझे नव्हतेच ते टाकून देण्याचा अधिकार मला कोठून आला? नाव ही आई, पत्नी, मुले, शेजारी यांनी आपल्याजवळ ठेवलेली ठेव आहे, आणि ठेवीचा धर्म असा की ठेवणाऱ्याने मागितली की ती परत करता आली पाहिजे. नागसेनांनी नाव व्यवहारापुरते म्हटले. मग व्यवहारात, जेथे त्याची गरज पडते तेथे, ते हजर नको काय? ज्ञानी पुरुषाला नामरूपाची आसक्ती नसेल. पण तो घरी न परतल्यास दारात उभे राहणाऱ्यांना ते ज्ञान झालेले नसते, आणि त्यांच्या अज्ञानाची शिक्षा त्यांना देणे हे कोणत्याच वेदान्तात बसत नाही.

ही शिक्षा काय असते, हे ज्यांनी अनोळखी प्रेताचा पंचनामा वाचला आहे त्यांना सांगावे लागत नाही. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचेचाळीस, बांधा मध्यम, रंग सावळा, अंगात पांढरा शर्ट’: एवढ्यात एक संपूर्ण आयुष्य मावते, आणि एवढ्यावरून त्याला कोणी ओळखू शकत नाही, कारण हे वर्णन निम्म्या जिल्ह्याचे आहे. त्यात ‘उजव्या हातावर गोंदलेले’ असा एक शेरा आला, की तपासाला धागा मिळतो. आपल्या आज्यापणज्यांनी जत्रेत बसून हातावर स्वतःचे, भावाचे, देवाचे नाव गोंदवून घेतले, तेव्हा ते अभद्र आहे असे कोणाला वाटले नव्हते. लिंगायताच्या गळ्यातील इष्टलिंग, वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ, ही साधनेची चिन्हे असूनही अनोळखी गावात ‘मी अमुक’ असे मुक्याने सांगणारी होती. अंगावर ओळख वागविणे ही नवी कल्पना नाही. आपण ती मध्येच सोडून दिली.

आणि ओळखीचा प्रश्न येथे अंत्यविधीचाही प्रश्न होतो. कबनूरच्या पंचक्रोशीत मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, दलित आणि माग चालवायला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशापासून आलेले परमुलखी, असे सारे एकाच रस्त्याने ये-जा करतात. कोणाला अग्नी द्यावयाचा, कोणाला गुसल देऊन कफनात दफन करावयाचे, कोणाला तळहाती इष्टलिंग ठेवून बसलेल्या स्थितीत समाधी द्यावयाची, हे पोलिसांना देहावरील खुणांवरून अंदाजाने ठरवावे लागते, आणि तो अंदाज चुकला तर दुरुस्तीला जागा नाही. मुसलमानी धर्मशास्त्रात जनाजाची नमाज ही समूहावरची फर्ज मानली आहे. काही जणांनी ती अदा केली तर सारे मोकळे, कोणीच केली नाही तर सारे दोषी. परंतु मयत आपल्यातला आहे हे कळल्याशिवाय तो समूह उभा राहणार कसा? बेवारस प्रेत शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी वैद्यकीय महाविद्यालयाला देण्याची तरतूद मुंबई राज्यात १९४९ सालच्या कायद्याने झाली. देहदान हे मोठे पुण्य आहे असे मी मानतो. पण दान देणाऱ्याच्या इच्छेने होते, वारस न सापडल्याने झालेल्या रवानगीला दान म्हणता येत नाही.

याहून दारुण अवस्था मागे राहिलेल्यांची. काशीनाथ उपाध्यांनी पंढरपुरात १७९० च्या सुमारास धर्मसिंधु सिद्ध केला. त्या ग्रंथात आणि त्याआधीच्या स्मृतिवाङ्मयात, परदेशी गेलेल्या आणि वार्ता न लागलेल्या माणसाचे काय करावे, याचा बारकाईने विचार आहे. दीर्घकाळ, काही वचनांनुसार बारा वर्षे, वाट पाहावी आणि मग पळसाच्या तीनशे साठ देठांची पुरुषाकृती करून तिला अग्नी द्यावा. हा पालाशविधी वाचताना शास्त्रकारांच्या करुणेने मन भरून येते. कारण त्या देठांनी मृताला काय मिळत असेल ते असो, जिवंतांना रडण्याची परवानगी मिळत होती. कायद्यानेही सात वर्षे वार्ता न लागलेल्याला मृत समजण्याची वाट ठेवली आहे. ही वर्षे ज्या घरात जातात तेथे कुंकवाचा निर्णय होत नाही, श्राद्धाचा होत नाही, वारसाच्या दाखल्याचा होत नाही, आणि रात्री कडी वाजली की सारे घर उठून बसते. रस्त्यावरच्या एका अपघाताने, केवळ खिशात चिठ्ठी नव्हती एवढ्याच कारणाने, हे ओढवू शकते.

‘आयुष्याची दोरी असेल तर मरत नाही, तुटली असेल तर वाचत नाही,’ हे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्याशी मला फार वाद घालावयाचा नाही. दोरी किती लांब आहे हे ठाऊक नसलेल्याने ती सांभाळून धरावी, एवढेच त्यातून निघते. शिवाय चिठ्ठी दैवाला आव्हान देत नाही. प्राण वाचतील की नाही हे दैवाकडेच राहते, केवळ बातमी कोणाला पोहोचवावी एवढे ती आपल्याकडे घेते.

उलट ही चिठ्ठी वाटसरूवर उपकार करते, आणि त्याच्या धर्माचा विचार आपण कमी करतो. पडलेल्याला उचलावे हे सर्वांना पटते. हात मागे राहतो तो पोलीस, जबाब, कोर्टाच्या खेपा यांच्या धास्तीने. परमानंद कटारा यांच्या अर्जावर १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की जखमीवर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे प्रथम कर्तव्य आहे, कागदपत्रे नंतर. त्या अर्जामागे एका स्कूटरस्वाराची हकिकत होती: जवळच्या रुग्णालयाने त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडले आणि तो वाटेतच गेला. पुढे २०१६ साली त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम येऊन सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी जबाबदारीतून मुक्त करण्यात आले; आपले नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर नाही. मदत करणाऱ्याला नाव न सांगण्याची मुभा हवी आणि पडलेल्याचे नाव कळणे हवे, या दोन्ही गोष्टी एकाच न्यायाच्या आहेत. त्या वाटसरूने रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन लावला, जखमी इचलकरंजीच्या आयजीएम किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पोहोचला, की तेथील पहिला प्रश्न ‘हा कोण?’ आणि दुसरा ‘याला काय आहे?’ साखर उतरून बेशुद्ध झालेला मधुमेही आणि डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला माणूस रस्त्यावर सारखेच दिसतात; रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असलेल्याचा आतला रक्तस्राव लवकर थांबत नाही; एखाद्याला पेनिसिलिन सोसत नाही. या गोष्टी चिठ्ठीने सांगाव्यात. रक्तगट लिहावा, परंतु डॉक्टर सहसा जुळणी केल्याशिवाय रक्त चढवीत नाहीत, म्हणून तेवढाच लिहून समाधान मानू नये.

चिठ्ठी सायकलीच्या पिशवीत ठेवू नये. अपघातानंतर सायकल जप्त होऊन ठाण्याच्या आवारात जाते आणि माणूस रुग्णालयात. दोघांची ताटातूट झाली की चिठ्ठी निरुपयोगी. ती सदऱ्याच्या वरच्या खिशात, पावसाने भिजणार नाही अशा जाड प्लास्टिकमध्ये असावी. मोबाईलच्या कुलूपबंद पडद्यावरही हा मजकूर ठेवता येतो आणि ठेवावा. पण काच फुटते, बॅटरी उतरते, आणि गर्दीत फोन नाहीसाही होतो, म्हणून कागदाचा भरवसा अधिक. तिच्यावर धर्म आणि अंत्यविधी लिहावा काय, असे मला विचारले गेले, तेव्हा मी बराच विचार केला. काळ असा आहे की खिशातील एका शब्दावरून मदतीचा हात आखडू शकेल, ही भीती खोटी म्हणवत नाही. म्हणून तो शब्द लिहू नये, ज्याला सारे ठाऊक आहे अशा माणसाचा फोन लिहावा, आणि आपल्यासाठी काय करावे हे त्याला घरी बसून, भरल्या घरात, एकदा सांगून ठेवावे. ओडिशाहून आलेल्या कामगाराने एकच फोन लिहिला आणि तो गावाकडचा असला, तर रुग्णालयातून लागलेल्या त्या फोनवर मराठी न समजणारी म्हातारी आई येईल. त्याने दोन लिहावेत: वर खोलीतल्या सोबत्याचा, जो अर्ध्या तासात येऊन पोहोचेल, आणि खाली घरचा.